बुरी गावची भाजी

नावातच गंमत. बुरी.
मनामापासून वीसेक मिनिटांवर, खजुरांच्या आडोशाला.
शुक्रवारी बुरीला जातो, असं फोनवर सांगितलं
तर बायको म्हणाली, एखाद्या बऱ्या जागी जा की.

मी एसीवाला. बारा वर्षं
लोकांच्या खोल्या थंड करतो
आणि स्वतः शिडीवर पापडासारखा भाजतो.
कंपनीच्या तपासणीत आमच्या खोलीतल्या सहांपैकी
चौघांना साखर निघाली.
निघेलच. सकाळी खुबूस, दुपारी भात, रात्री खुबूस,
आणि पालेभाजी म्हणाल तर
विमानातून आलेली, प्लॅस्टिकमध्ये घाम फुटलेली एक जुडी,
तिच्या किमतीत तिघं जेवतात.

नर्स रोवेनाने कागद वाचला, चष्मा काढला.
गोळी देते, म्हणाली, पण सोबत काही हिरवं खा.
कुठलं हिरवं, मोतालेबने विचारलं,
सिग्नलचं?

हाजी मकींचं नाव तिनेच काढलं,
गुडघे दाखवायला तिच्याकडे यायचे.
त्यांची बाग पडीक. एकोणीस खजूर उभे, सात नुसते बुंधे,
एक कोरडी टाकी, तिला ते बिरका म्हणतात,
आणि विहीर, जिचं पाणी जिभेवर ठेवलं
तर रडू ओठांपर्यंत आलं असं वाटावं.

पहिल्या थंडीत मेथी टाकली.
दोन पानांवर आली आणि बसली.
मातीवर पांढरी साय धरली.
तिकारामने ती बोटावर घेऊन चाखली.
घ्या, म्हणाला, मीठ पण फुकट.

मग मला सुचलं, असं नाही म्हणणार.
ज्या नळीला बारा वर्षं शिव्या घातल्या
तीच एका दुपारी माझ्या मानेवर गळत होती.
टप. टप.
समुद्राची वाफ खोलीत शिरते,
थंड पत्र्याला अडखळते, पाणी होते,
मीठ मागे समुद्रातच ठेवून आलेली.
आमचं काम एवढंच, की ते कोणाच्या डोक्यावर पडू नये.

वॉचमन वेंकटय्याने गच्चीवर पिंपं लावू दिली.
तळेकर बाईंनी शाळेची बस मिळवली, शुक्रवारपुरती.
ड्रायव्हर गुलजरीन म्हणाला,
सांडलं तर सीट तू पुसायचीस.
मी पुसली. नऊ शुक्रवार पुसली.

पण गंमत पाहा,
पाणी भरपूर गळतं तेव्हा ऊन कोंब जाळतं,
आणि रोप धरेल अशी हवा येते
तेव्हा लोक एसी बंद करतात.
म्हणून अख्खा उन्हाळा, एकही बी न पेरता,
आम्ही फक्त बिरका भरत राहिलो.
कॅम्पातले हसले. हसण्यासारखंच होतं.

हाजी मकींनी ओंजळभर घेतलं, वास घेतला.
माझे आजोबा, म्हणाले, मोत्यांच्या गलबतावर होते.
तेव्हा समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते.
कातडी पखाल घेऊन बुडी मारायची,
खाऱ्याच्या पोटातून गोडं भरून वर यायचं.
झरे आम्हीच आटवले, पंप लावून.
तो खाली जायचा. तू शिडीवर चढतोस.
पुढे काही बोलले नाहीत, काठीने वाफा आखू लागले.

आता नोव्हेंबर संपतो आहे.
पत्र्याच्या डब्यात ज्याला जमेल ते टाकावं,
नाही जमलं तर निंदणी करावी, तीही नाही तर नुसतं न्यावं.
वेंकटय्या आंबाडीला गोंगुरा म्हणतो आणि भांडतो.
मोतालेबचा मायाळू खजुरावर चढलाय.
रोवेना नाळीची भाजी कुरवाळते, तिची आईच जणू.
माझी साखर उतरली थोडी. फार नाही.

काल फोनवर सांगितलं, मेथी खाल्ली, बुरीची.
बरी होती का?
कडू, म्हटलं.
मग चांगली असणार, म्हणाली. देठं टाकू नकोस.